आठव्या दिवसाचा नळ

मुंजाजी गेला तो रात्रीच गेला.
किल्ली कुलपाला लावून ठेवली, एवढं मात्र केलं.
पाच महिन्यांचं भाडं, लाइटचं बिल,
आणि ह्या दोन खोल्या,
ज्यांच्या विटा मी स्वतः मोजून उतरवल्या होत्या
ट्रॅक्टरवरून, अंगणवाडी सुटल्यावर.

"दोघंच आहोत, ताई," म्हणाला होता.
भट्टी आली तेव्हा मी बोलले नाही.
पहाटे चारला घाणा निघायचा,
शेव, पापडी, गोडी बुंदी,
अर्ध्या लातूरच्या शाळांपुढं जायची.
वास चांगला यायचा.
वासानंच गप्प बसवलं असेल मला.

आता छत तव्याच्या बुडासारखं.
भिंतीला बोट लावलं तर सुटता सुटेना.
फरशी तीन जागी तडकलेली, सिलिंडर आदळून.
मोरीत बेसनाचा दगड.
पंख्याच्या पात्यांना तेलाची दाढी.
उंबऱ्यात बसले. रडले नाही,
हिशोब करत राहिले. ते जास्त वाईट.

शमीमभाभी दारात येऊन थांबली.
"काय बघलालीस? भिंत बोलनार हाय व्हय?"
आणि गेली.
वाटलं, गेली.

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
त्या दिवशी पाचवा होता.
पाचव्या दिवशी बाई टाकीत वाकून बघते
आणि झाकण हळू लावते.

भाभी परत आली ती घागर घेऊन.
मागं पंचशीला, एक कळशी डोक्यावर, एक कमरेला.
महानंदा स्वामींची बादली, वर ताट झाकलेलं,
चालताना थेंब उडू नये म्हणून.
गयाबाईनं तर अर्धा ड्रम पोरांकडून ढकलत आणला,
घरात बाळंतीण सून असताना.
"अगं, नातवाची अंघोळ?"
"त्याला काय कळतंय पारोसं."

ह्याच बाया भिशीच्या दिवशी
दहा रुपयांवरून महिनाभर अबोला धरतात.

मग सोडा, राख, उलथनी, सुऱ्या,
माझ्या लेकाची शाळेतली स्टीलची पट्टी.
भाभीच्या इब्राहिमनं गॅरेजमधून डिझेल आणलं डबाभर.
तेल सालीसारखं निघायला लागलं, लांब, पिवळं,
खाली निळा रंग दिसला.
मी विसरले होते निळा दिला होता ते.
भिंतीचं पाणी फरशीला,
फरशीचं मोरीला,
मोरीत इब्राहिम कोपरापर्यंत हात घालून,
दर दोन मिनिटाला "निघालं का?" म्हणून पंचशीला,
आणि "निघंल तवा सांगीन की ओ" म्हणून तो.
दुपारी साडेतीनला निघालं.
मोरी एकदा ढेकर दिल्यासारखी वाजली.
सगळ्याजणी हसलो, अंगभर काळ्या.

माळ्यावर एक डबा सापडला, चिकटपट्टी लावलेला.
आत लसणाची शेव.
कुणी हात लावेना.
मग महानंदाबाईंनीच, ज्या बाहेरचं खात नाहीत,
चिमूटभर तोंडात टाकली,
डोळे मिटले, आणि म्हणाल्या,
"मेल्याच्या हाताला चव होती बघा."
शिव्या देत देत खाल्ली.
डबा संपला तशा शिव्याही संपल्या.

नळ रात्री दोनला आला.
पहाटेपर्यंत मी भांडी भरली, दारोदार नेऊन ठेवली,
कुणाची घागर, कुणाचा ड्रम, अंदाजानं.
पंचशीलानं ठेवून घेतलं. गयाबाईनंही.
भाभीची घागर मात्र सकाळी माझ्याच पायरीवर,
भरलेली,
वर पालथी वाटी.

छताचा एक कोपरा अजून काळा आहे.
तिथं कुणाचाच हात पुरला नाही, स्टूलवरूनही.
खोली बघायला येणारे आधी तिकडंच बघतात.
मी सांगते, धूर आहे, गळत नाही.
मग विचारते,
घरात तळण किती होतं तुमच्याकडं?